लाईन लागली, खुर्चीवर बसा!

तुमच्या गावात बातमी आधी कोणाला कळते? जरा आठवून सांगा. परीक्षेचा निकाल, नोकरीच्या यादीत लागलेलं नाव, अर्जाची शेवटची तारीख. हे ज्याचं असतं त्याला आधी कळतं, की ज्याच्या घरी फोन आहे त्याला?

मला उत्तर लहानपणापासून माहीत होतं. माझे वडील शाळामास्तर. सुटीच्या दिवशी ते सायक्लोस्टाईल यंत्रावर पत्रकं काढायचे आणि शाई सुकायला ती दोरीवर टांगायचं काम माझं. अक्षरओळख मला त्या पत्रकांतूनच झाली. 'घर बघ' वाचता येण्याआधी मला 'बंधूंनो आणि भगिनींनो, जागे व्हा' हे वाचता येत होतं. त्यामुळे कॉलेज संपल्यावर आदिलाबादजवळच्या इचोड्यातल्या फोनबूथमध्ये इंटरनेट चालवायची नोकरी मिळाली, तेव्हा मी नोकरीला नाही, चळवळीला निघाल्यासारखी निघाले. बातमी आता सगळ्यांची होणार होती.

प्रत्यक्षात ती चळवळ डब्याच्या झाकणाएवढी होती. काळा चपटा खोका, समोर लाल दिवे, मागे दोन तारा. त्याचं नाव मोडेम. तो फार तापायचा, म्हणून आम्ही त्याला दोन पालथ्या वाट्यांवर ठेवलं होतं.

दुकान हमरस्त्यावर. नागपूरकडून हैद्राबादला आणि हैद्राबादकडून नागपूरला जाणारे ट्रक समोर थांबायचे. डावीकडे काचेची केबिन, तिच्यात फोन. उजवीकडे टेबल, त्यावर संगणक. आणि या दोघांत मिळून फोनची लाईन एकच. संगणक बोलत असेल तर माणसांनी थांबायचं, माणसं बोलत असतील तर संगणकाने. आमचे मालक देविदास शेठ यांची सगळी अडचण या एका वाक्यात मावते.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. फोनची तार माणसाच्या आवाजासाठी घातलेली. संगणकाला आवाज नाही, त्याच्याकडे फक्त शून्य आणि एक. मोडेम हा मधला दुभाषा. तो त्या शून्य-एकाचे सूर करून तारेत सोडतो, आणि पलीकडे आदिलाबादला बसलेला दुसरा मोडेम ते सूर ऐकून पुन्हा शून्य-एक करतो. आमच्या बाजारात मराठी, तेलुगू, हिंदी आणि गोंडी अशा चार भाषा चालतात, दुभाष्याशिवाय बैलाचा सौदा होत नाही. त्यामुळे हे कोणालाही समजावून सांगायला मला कधी दोन मिनिटांपेक्षा जास्त लागली नाहीत.

नंबर लागला की दोन्ही मोडेम आधी एकमेकांना पारखून घेतात. ऐकू येतं का? किती वेगाने बोलू? तार खराब आहे, जरा हळू बोल. आपल्या कानाला हे सगळं किंचाळणं, खरखर आणि शिट्टी असं ऐकू येतं. पहिल्या आठवड्यात एक पंजाबी ट्रकवाला केबिनमधून डोकं काढून म्हणाला, "मैडम, पीछे बकरा काट रहे हो क्या?" पुढे तो येता-जाता थांबायचा आणि म्हणायचा, "वो बकरेवाला गाना सुनाओ." फोन करायचा नसला तरी ऐकून जायचा.

मला मात्र तो आवाज पाठ झाला होता. शेवटची खरखर एकसारखी आली तर लाईन टिकणार, मध्ये अडखळली तर पाच मिनिटांत तुटणार. खोक्यावर वेग मोठ्या आकड्यात छापलेला, पण आमच्या तारेवर त्याच्या निम्मा मिळाला तरी मी खूष. म्हणून युक्त्या करायच्या. पानावरची चित्रं बंद ठेवायची. लोकांचे ईमेल आधी लाईन न लावता लिहून घ्यायचे आणि मग एका दमात सगळे पाठवून लाईन सोडायची. एका आजोबांनी मस्कतच्या मुलाला लिहिताना मला सांगितलं होतं, "लिव्ह, म्हैस व्याली. आन जरा जोरात लिव्ह, लांब जायचं हाय." मी ते वाक्य मोठ्या अक्षरात लिहिलं.

आता गिरदावर काकांबद्दल. हे शेठचे वडील. गिरदावर म्हणजे पटवाऱ्यांची दप्तरं तपासणारा महसुलातला माणूस. निवृत्त होऊन किती वर्षं झाली तरी बोलण्यात कचेरीतले उर्दू शब्द: मिसल म्हणजे कागदांची फाईल, तामील म्हणजे हुकूम पोचवणं, पेशी म्हणजे हजेरीची तारीख. ते दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहत आणि खालच्या लाईनीवरूनच त्यांच्या खोलीत दुसरा फोन जोडलेला होता. लेक बोधनला दिलेली. ती दर गुरुवारी चार वाजता फोन करायची. म्हणून तो फोन काकांच्या उशाशी.

आमचा मोडेम नंबर फिरवताना जुन्या चकतीच्या फोनसारखे तारेला झटके द्यायचा. त्या झटक्यांनी वरच्या फोनची घंटी बारीक वाजायची. टिण, टिणटिण. मग काका रिसीव्हर उचलायचे. उचलला की इकडे माझी लाईन मेली. वरून त्यांचा आवाज यायचा, "हालो! कोन हाय? बोला ना! काऊन बोलत नाई?" आणि त्यांच्या कानात मोडेमची शिट्टी. मग जिन्यावरून काठी आपटत खाली.

"काय व पोरी, मले कोन शिट्ट्या मारून राह्यलं?"

"काका, ते मशीन आहे. तुम्ही फोन उचलू नका."

"घंटी वाजली तर उचलू नाई? मंग घंटी काऊन वाजवता?"

दिवसातून सहा-सात वेळा हेच. शेठ दोघांपैकी कोणालाच काही म्हणायचे नाहीत. एकदा फक्त मला म्हणाले, "बाबूजीनं चाळीस वर्स पटवाऱ्याईले झापलं. आता मशीनले झापून राह्यले. झापू दे."

माझी स्वतःची चूक सांगायची राहिली आहे, आणि ती याच्यापेक्षा मोठी. पहिल्याच उन्हाळ्यात दहावीचा निकाल इंटरनेटवर लागला. मी दुपारभर लाईन धरून आमच्या भागातल्या शाळांचे निकाल उतरवून घेतले, मोठ्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिले आणि दुकानाबाहेर चिकटवले. नंबर, नाव, पास की नापास. वर मथळा दिला, 'बातमी सर्वांची!' पत्रकांवर वाढलेल्या मुलीला यापेक्षा चांगलं काय सुचणार? गर्दी उसळली. मी दारात छाती काढून उभी.

संध्याकाळी कळलं की आमच्याच गल्लीतली रेखा गणितात गेली होती आणि तिला ते चहाच्या हॉटेलातल्या माणसाने सांगितलं. हसत सांगितलं. पुढे पंधरा दिवस ती घराबाहेर पडली नाही. मी भेटायला गेले तर तिने एवढंच म्हटलं, "ताई, माहा नंबर तुमी मलेच सांगाचा होता ना."

मी घरी येऊन वडिलांना सांगितलं. वाटलं ते माझी बाजू घेतील. ते शाईचे हात धुता धुता म्हणाले, "पत्रक हक्काचं काढायचं असतं. कोणाच्या घरातलं नाही." आणि जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी मी तो कागद फाडला आणि नियम केला. ज्याचं काम त्याने खुर्चीवर बसायचं, मी मागे उभी राहणार. स्वतःचा नंबर स्वतः दाबायचा, स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा. लाईन लागली की मी ओरडायची, "लाईन लागली, खुर्चीवर बसा!" शेठला हे मुळीच पटलं नाही. मातीच्या पायांचे, तंबाखूच्या हातांचे लोक संगणकासमोर बसणार म्हणून ते हळहळले. मी एक जुना पंचा आणून कळफलकाजवळ ठेवला आणि म्हटलं, "हात पुसून बसतील." एक पाटीही रंगवून टांगली, 'या खुर्चीवर सगळे सारखे.' शेठ पाटीकडे पाहून म्हणाले, "इलेक्शनले उभी राह्यतं काय व?"

रेखाने पुढच्या खेपेला तो विषय सोडवला, आणि तो निकाल तिने त्याच खुर्चीवर बसून पाहिला. पण मला सांगायची आहे ती गोष्ट श्यामरावांची.

कापूस वेचणीचे दिवस. गुरुवार. दुपारी तीनच्या सुमारास नार्नूरकडचे एक गृहस्थ आले. अंगावर धुतलेला सदरा, हातात चौघडी घातलेला कागद. "जय भीम," म्हणाले. "मी श्यामराव. रेडिओवर सांगतलं का मास्तरच्या नोकरीची यादी इंटरनेटवर लागली. माह्या पोरीचा नंबर हाय यात. इमल नाव तिचं."

"ती का नाही आली?"

"कापूस वेचायले गेली. मीच म्हटलं, तू नको जाऊ. नाव नसलं तर रस्त्यानं रडत येशील. मी एकटा गेलो त रडलो बी तरी कोनाले दिसते?"

मग त्यांनी मागच्या वर्षीचं सांगितलं. तेव्हाही विमलचं नाव लागलं होतं. पण कागदपत्रं तपासायला बोलावल्याचं पत्र हाती आलं ते तारीख उलटल्यावर. मध्ये कुठे पडून राहिलं, कोणाला सांगता आलं नाही. जागा दुसऱ्याला गेली. शेतमजुराची पोर, घरातली पहिली शिकलेली, पुन्हा कापसाच्या ओळीत उभी राहिली. यंदा तिच्या वयाची शेवटची संधी नव्हती, पण घरच्या धीराची होती. तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली होती.

मी लाईन लावली. वर टिणटिण झालं. काकांनी उचललं. मेली. पुन्हा लावली. या वेळी यादीचं पान अर्धं उघडलं आणि वर सूचना दिसली: नावं असलेल्यांनी उद्या सकाळी मूळ कागदपत्रांसह हैद्राबादला हजर राहावं. उद्या सकाळी! श्यामरावांनी माझा चेहरा पाहिला. "काय झालं व बाई?" मी सांगेपर्यंत वरून, "हालो! कोन हाय?" आणि पान तिथेच थांबलं.

मी जिना तीन उड्यांत चढले. आयुष्यात मोठ्या माणसावर एवढी ओरडले नसेन. "काका, खाली एक बाप बसला आहे! त्याच्या पोरीची नोकरी या तारेत अडकली आहे आणि तुम्ही हालो हालो करता!"

काका रिसीव्हर हातात घेऊन बसून राहिले. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "कोनती यादी? कवाची पेशी?" मी सगळं सांगितलं. मागच्या वर्षीच्या पत्राचंही.

"पोरी," ते म्हणाले, "आमच्या जमान्यात नोटीस चावडीवर लागे. वाचनारे आमीच. ज्याले सांगाचं त्याले सांगो. ज्याले नाई सांगतलं, तो मुदत गेल्यावर येऊन हात जोडून उभा राहे. मी बी म्हनो, आता काय होते बाबा, तारीख गेली." त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला आणि त्यावर स्वतःचा पंजा दाबून धरला. "जाय. लाव तुही लाईन. आज या फोनले मी बी हात नाई लावत, आन दुसऱ्या कोनाले बी लावू देत नाई."

"पण चार वाजता बोधनचा फोन..."

"लेक हाय ते माही. आठ दिवसानं बोलन. जाय म्हनतो ना!"

खाली आले तर शेठ केबिनजवळ. एका दलालाला कापसाचा भाव विचारायला नांदेडला फोन करायचा होता आणि तो घाई करत होता. शेठने माझ्याकडे पाहिलं, खुर्चीच्या काठावर बसलेल्या श्यामरावांकडे पाहिलं, आणि दलालाला म्हणाले, "सेठजी, चाय पीके आओ. लाइन बिझी है." मी शेठकडे पाहतच राहिले. "पाह्यतं काय," ते म्हणाले, "लाव ना!"

लावली. टिण, टिणटिण. वर कोणी हललं नाही. किंचाळणं, खरखर, शिट्टी आणि मग शेवटची ती एकसारखी, न अडखळणारी खरखर. मी ओरडले, "लाईन लागली, खुर्चीवर बसा! नीट बसा, मागे टेकून!"

श्यामरावांनी पंच्याने हात पुसले. पान वरून खाली एकेक ओळ उतरत होतं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण आकडे येत होते. रात्रीच्या वर्गात शिकलेले. त्यांनी डाव्या हातात हॉल तिकीट धरलं आणि उजव्या हाताचं बोट काचेवर ठेवलं. एक ओळ, दुसरी ओळ. माझी नजर त्यांच्या बोटाच्या पुढे धावत होती आणि मला नंबर त्यांच्या आधी दिसला. सांगू का? तोंडापर्यंत आलं होतं. मी ओठ दाबून मागे उभी राहिले.

बोट थांबलं. त्यांनी तिकिटावरचा एकेक आकडा काचेवरच्या आकड्याशी जुळवला. मग पुन्हा उलटीकडून जुळवला. मग खुर्चीवरून उठले, पाटीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "हाय."

दुकानातल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. वरून काका ओरडले, "तामील झाली का नाई?"

"झाली, काका!"

पण बातमी अजून निम्मीच पोचली होती. मी इंटरनेट तोडलं आणि मघापर्यंत शून्य-एक वाहणारी तीच तार आता माणसांसाठी केबिनकडे वळवली. नार्नूरच्या बूथवाल्याने "कोंचम आगंडी," म्हणजे जरा थांबा, असं म्हणून एकाला सायकलवर शेताकडे पिटाळलं. आम्ही ठेवून पुन्हा लावला तोवर विमल धावत आली होती. तिचा दम मला काचेबाहेर ऐकू येत होता.

"पोरी, नाव हाय," श्यामराव म्हणाले. "नाई, कोनी सांगतलं नाई. मी सोता पाह्यलं. माह्या बोटानं पाह्यलं. तू कागदाची पेटी घेऊन भेटन त्या जीपनं निंग. वेचा तिथंच सोड."

ती इंद्रवेल्लीवरून जीप बदलत दिवे लागायच्या वेळेला इचोड्याला पोचली. ओटीत अजून कापूस होता. काढायचं भानच नव्हतं. काका तोवर आंघोळ करून, काळा कोट घालून दुकानात बसले होते. "आन तुही मिसल," असं म्हणून त्यांनी तिची पत्र्याची पेटी उघडायला लावली. अस्सल एकीकडे, नक्कल एकीकडे. वर हॉल तिकीट, खाली गुणपत्रिका, त्याखाली जातीचा दाखला. चाळीस वर्षांच्या हाताने सुईदोऱ्याने टाचून तिच्या हाती दिलं. "टेबलावर कोनी मांगतलं का दोरा तूच सोडून दाखव. हातातून देजो नको, नजरेसमोर ठेवजो." हैद्राबादची गाडी समोरच्या ढाब्यावर थांबली तेव्हा शेठने जाऊन कंडक्टरशी हुज्जत घालून बापलेकीला जागा मिळवून दिली. गाडी हलली आणि विमलने खिडकीतून ओटीतला कापूस रस्त्यावर उधळला. ट्रकवाल्यांनी उगाचच हॉर्न वाजवले.

विमल आज इंद्रवेल्लीजवळच्या एका शाळेत मास्तरीण आहे. पोरं तिला भितात, असं ती मला मोठ्या अभिमानाने सांगते.

त्यानंतर महिनाभराने आदिलाबादहून एक तंत्रज्ञ आला. मी त्याला टिणटिणची तक्रार सांगितली. तो हसला, संगणकावर एक खिडकी उघडली आणि एका गोल खुणेतला ठिपका काढून दुसरीत टाकला. झटके बंद करून सुरांनी नंबर फिरवायची सोय. आमचं एक्स्चेंज ते केव्हाचं घेत होतं. वर्षभराचं भांडण एका ठिपक्याचं होतं! मला हसावं की डोकं आपटावं कळेना.

दोन दिवस स्वर्गात गेले. तिसऱ्या दिवशी काका काठी टेकत खाली आले, पण आपटत नाही. "फोन मेला काय व? घंटी नाई वाजत." मी समजावलं. ते मान हलवून म्हणाले, "अच्छा. बरं झालं." आणि वर जाईनात. मग कळलं. श्यामराव येऊन गेल्यापासून घंटी टिणटिणली की काका फोनवर पंजा ठेवून पहाऱ्याला बसत. खाली कोणाची तरी यादी उघडत असेल म्हणून. तेवढ्यासाठी दुपारची झोप सोडली होती त्यांनी.

ते वर गेल्यावर मी ती खिडकी उघडली आणि ठिपका पुन्हा जुन्या जागी ठेवला. टिण, टिणटिण. वरून आवाज आला, "लाव, लाव! मी बसलो हाय!"

आता इचोड्यात नवी तार आली आहे. ती बोलताना फोन अडत नाही, किंचाळतही नाही. काका गेले. मोडेम माझ्या घरी दोन वाट्यांवर आहे. मी शाळेत संगणक शिकवते. बातमी आता फार वेगाने येते, पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर बदललं आहे असं मला वाटत नाही. आजही कोणीतरी कोणाच्या तरी दारात चौघडीचा कागद घेऊन उभा असतो आणि आतला माणूस खुर्चीवरून न उठता म्हणतो, "पाहून सांगतो."

म्हणून हा अंक मिटण्याआधी एक काम करा. तुमच्या घरी, दुकानात, कचेरीत संगणक असेल, तर या आठवड्यात तुमच्याकडे विचारायला येणाऱ्या एका माणसाला पाहून सांगू नका. उठा. खुर्ची त्याला द्या आणि मागे उभे राहा. नंबर तुम्हाला आधी दिसेल. तेवढे दोन क्षण ओठ दाबून धरा, आणि त्याचं बोट पोचू द्या.